पान्यांची वाटणी

आ-शुनच्या नखांत कधी काळं गेलं नाही. पन्नाशी ओलांडली तरी त्याचे हात परीक्षेआधी आईने धुऊन दिल्यासारखे होते, आणि चारचौघांत तो ते खिशात ठेवायचा. शेतकरी संघाच्या कचेरीतला साहेब, ऐट असेल, असं लोकांना वाटायचं. मी त्याचा मामा. ती ऐट नव्हती, लाज होती.

त्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, तंबाखू लावायचे. तंबाखूचे दिवस सरले तशी पानं वाळवायची उंच भट्टी रिकामी झाली आणि तिथे त्यांची एकशेपंचवीस सीसीची जुनी मोटारसायकल राहायला गेली. त्या गाडीला त्यांनी कधी गॅरेजचं तोंड दाखवलं नाही. ऑइल, प्लग, चेन, इंजिनातले टॅपेट, सगळं त्या भट्टीत, स्वतःच्या हातांनी. भट्टीची एक अख्खी भिंत त्यांच्या हत्यारांनी भरलेली होती. हाताखाली धाकटा आ-तेत असायचा. थोरल्याला आत यायची मुभा नव्हती.

त्यात दुष्टपणा नव्हता. आमच्या मेइनुंग गावात लिहिलेला कागद केरात टाकत नाहीत. तो जाळायला विटांचा वेगळा मनोरा आहे, आणि त्याच्यासमोरून जाताना म्हातारी माणसं अजून मान लववतात. अशा गावात ज्या पोराचं अक्षर चांगलं, त्याच्याकडे घर जरा घाबरूनच बघतं. मेहुणे म्हणायचे, "तू उंबऱ्यापाशी बस. ग्रीस लागलं की जात नाही." आ-शुन बसायचा, मांडीवर पुस्तक घेऊन. आत लोखंड लोखंडावर आपटायचं, मग बापाचं ओरडणं ऐकू यायचं, मग मध्येच दोघं हसायची. तेवढ्यात आ-शुनचं पान उलटायचं राहून जायचं.

मत्सराला मोठा अन्याय लागत नाही. अंधाऱ्या खोलीत दाराच्या फटीतून उजेड येतो, एकच रेघ, पण झोपलेल्या माणसाच्या नेमकी डोळ्यांवर पडते. आ-शुनचं तसं झालं. तो शिकला, नोकरीला लागला, लग्न केलं, आणि ती रेघ त्याच्याबरोबर म्हातारी होत गेली.

मेहुणे वारले, आणि वाटणीला मी बसलो. आम्हा हक्का लोकांत म्हण आहे, आभाळात मेघराजा, जमिनीवर मामा. घर फुटताना मामाचा शब्द शेवटचा. शेत, घर, केळीची बाग, सगळं पहिल्या चहात मिटलं. मोटारसायकल आ-तेतला, यावरही कोणी बोललं नाही. आ-शुनकडे कचेरीत जायला गिअर नसलेली स्कूटर होती, तिचं सगळं तो गॅरेजवाल्याकडून करून घ्यायचा.

"हत्यारं भट्टीतच राहू देत मग," आ-तेत म्हणाला.

"का म्हणून? त्यांचीही वाटणी होईल," आ-शुन म्हणाला.

"तू काय करणार पान्यांचं, दादा? कागद उडू नयेत म्हणून ठेवणार?"

"ते माझं मी बघेन. बाबा माझेही होते."

"होतेच की. पण चौदाचा कुठला आणि सतराचा कुठला, हे तरी कळतं का तुला?"

आ-शुनचा चेहरा असा झाला की मी हात वर केला. निवाडा जुनाच दिला: थोरल्याने दोन ढीग करायचे, धाकट्याने आधी उचलायचं. या पद्धतीत कोणी लबाडी करत नाही, कारण जो लबाडी करतो तोच फसतो, असं मी समजत होतो.

आ-तेतने गोणीवर गोणी आणून अंगणात हत्यारं ओतली. आ-शुन उकिडवा बसला आणि दुपारभर वाटत राहिला. एकेक पाना उचलायचा, उलटासुलटा बघायचा, आणि इकडे किंवा तिकडे ठेवायचा. आ-तेत पेरूच्या झाडाखाली सुपारी चघळत बसला होता. मला वाटलं, थोरला मोजून वाटतोय. मग मी वाकून पाहिलं.

रॅचेटचा दांडा एका ढिगात होता, त्याच्या टोकाला बसवायच्या सगळ्या गोट्या दुसऱ्यात. टॅपेट फिरवायची किल्ली इकडे, फटीत घालून बघायचं गेज तिकडे. हातोडीचा घाव घालून फिरवायचा जड पेचकस या बाजूला, त्याची टोकं त्या बाजूला. चाकाचा आस काढायला एकाच मापाचे दोन पाने लागतात, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. ते दोन भाऊ त्याने बरोबर वेगळे केले होते. एकाही ढिगात एकही काम पुरं होत नव्हतं. पान्याला कधी हात न लावलेल्या माणसाला कशाचा जोडीदार कोण हे इतकं ठाऊक होतं, की मला त्याची कीव आली आणि भीतीही वाटली.

आ-तेत उठून आला, दोन्हीकडे पाहिलं, आणि लाल थुंकी बाजूला टाकली.

"वा. पाय तुझा, चप्पल माझी. मामा, ही वाटणी झाली?"

"झाली," आ-शुन म्हणाला. "लागेल ते येऊन माग. मी काय परका आहे?"

तो हे इतकं हळू म्हणाला की आ-तेतला फक्त टोमणा ऐकू आला. त्याने जवळचा ढीग गोणीत भरला आणि निघून गेला. मी मात्र ते वाक्य बरोबर घेऊन घरी आलो. आ-शुनला पाने नकोच होते. त्याला कोणीतरी आपल्या दाराशी येऊन म्हणायला हवं होतं, दादा, जरा बारा नंबर दे.

त्याने आपला अर्धा हिस्सा ओसरीत खिळ्यांवर टांगला, रस्त्यावरून दिसेल असा. बायको चिउ-मेई म्हणाली, "दुकान काढताय का? गावात मामांचं हत्यारांचं दुकान असताना?" सुट्टीच्या दिवशी तो खुर्ची टाकून तिथेच बसायचा, पेपर वाचत. समोरून आ-तेत त्या मोटारसायकलवरून जायचा, मागे मुळ्यांच्या टोपल्या बांधून, आणि इंजिनाचा आवाज ऐकून आ-शुनच्या कानशिलाची शीर उडायची. टॅपेट वाजत होते, म्हणजे ते लावायला झाले होते, आणि त्याची अर्धी हत्यारं इथे खिळ्यांवर. आता येईल, आता यावंच लागेल.

आ-तेत आला तो माझ्याकडे. माझं लोखंडी सामानाचं दुकान आहे, बाजाराच्या टोकाला.

"मामा, घरी गाडी करायला लागतात तेवढी हत्यारं द्या."

मी त्याच्यापुढे निळ्या पेटीतला मोठा संच उघडला. शंभरावर नग, मखमलीत निजलेले. त्याने बोट न लावता झाकण लावलं.

"यातली निम्मी लग्नात येतात आणि न वापरताच अंत्ययात्रेला जातात. गाडी जे मागते तेवढंच द्या. दहा, बारा, चौदा, सतरा. त्यातले चौदा आणि सतरा दोन-दोन. एक रॅचेट, लांब दांड्याचं नको, फार जोर लागतो आणि आटे जातात. प्लग पाना. पेचकस एकच, पण टोक कडक असलेला. मऊ टोक स्क्रूचं तोंड खातं. पक्कड. गेज."

"आणि तुझ्या बापाची सगळी भिंत?"

"बाबा हत्यारं जमवायचे, मामा. वापरायचे हीच." त्याने सगळं जुन्या टॉवेलात गुंडाळलं, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बांधलं आणि काखेत मारलं. "दादाला म्हणावं, त्याची अर्धी भिंत सुखी राहो."

मी हे आ-शुनला सांगायला नको होतं, पण तो त्याच संध्याकाळी आला आणि सरळच विचारलं.

"काय काय घेतलं त्याने?"

"थोडंच. टॉवेलात मावलं."

"टॉवेलात?" तो काउंटरला धरून उभा राहिला. इतकी वर्षं त्याने ज्या भिंतीचा हेवा केला ती सगळी भिंत टॉवेलात मावत होती, आणि त्यातलं काय मावतं हे फक्त धाकट्याला माहीत होतं. हे त्याला माझ्या दुकानात, खिळ्यांच्या डब्यांसमोर कळलं. तो म्हणाला, "मला तेच द्या. तसंच. त्याच मापांचं."

"तुझ्याकडे स्कूटर आहे."

"मामा, द्यायचं असेल तर द्या."

मी दिलं. त्याने खिशातून टॉवेल काढला. नवा होता, त्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती.

पुढच्या सुट्टीला, सकाळी, तो स्कूटर ढकलत माझ्या दुकानासमोरून चालला होता. एका बाजूचं प्लास्टिकचं झाकण निम्मं सुटून लोंबत होतं, कान तुटलेला. टॉवेलाचं गुंडाळं हँडलला बांधलेलं.

"काय झालं?"

"प्लग बदलायचा होता. झाकण निघेना म्हणून ओढलं."

"गॅरेज उजवीकडे आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि डावीकडे वळला. मी दुकानाचं शटर ओढून त्याच्या मागोमाग गेलो. त्या माणसाला एकट्याने त्या रस्त्याने जाऊ देणं मला बरं वाटेना.

आ-तेत भट्टीत मोटारसायकलसमोर बसला होता. त्याने आधी लोंबणारं झाकण पाहिलं, मग ते गुंडाळं, आणि मला वाटलं आता हा हसणार. तो हसला नाही. त्याने गुंडाळं सोडलं, एकेक नग बघितला. आपलीच मापं.

"हे माझ्या गाडीचं आहे, दादा. तुझ्या स्कूटरला चौदा-सतरा काय करायचेत? तिला आखूड पेचकस लागतो, आणि झाकणाखाली आठ नंबरचे बोल्ट आहेत. आठ तर तू घेतलाच नाहीस."

"तू घेतला नव्हतास."

आ-तेतने गुंडाळं बाजूला ठेवलं. "ये आत," तो म्हणाला.

आ-शुन आत गेला. कचेरीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. आ-तेतने आखूड पेचकस त्याच्या हातात दिला. "आधी दाब, मग फिरव. दाबलं नाहीस तर स्क्रूचं तोंड जाईल."

स्क्रू सुटला. आ-शुनने तो तळहातावर धरला आणि विचारलं, "हे बाबांनी शिकवलं तुला?"

"बाबांनी? त्यांनी कधी काही शिकवलं नाही. हात मागे करायचे आणि म्हणायचे, बारा. मी दहा द्यायचो. मग शिवी. पुन्हा चुकलो की माझा आजा-पणजा काढायचे, म्हणजे स्वतःचाच बाप. मग आम्हाला हसू यायचं."

"मला त्यांनी एकही शिवी दिली नाही," आ-शुन म्हणाला. "आयुष्यात एकही नाही."

"तुला कोण देणार? तू जेवायला बसलास की आम्ही आवाज न करता चावायचो. तुझ्या वह्या उंचावर, माझे कपडे पायपुसणं. मला वाटायचं, एक दिवस मीही तसा बसेन." एवढं बोलून तो झाकणाखाली वाकला आणि हात मागे केला. "भिंतीवरून आठ दे. टी-दांड्याचा."

बापाची अर्धी हत्यारं भिंतीवर होती. आ-शुन तिकडे गेला, चाचपलं आणि एक आणून हातात ठेवला. दहा होता. आ-तेतने तो पाहिला, खाली ठेवला, आणि स्वतः उठून आठ घेतला.

"चुकलं का?"

"असू दे."

"चुकलं तर सांग ना."

"दादा आहेस तू. तुला काय बोलू?"

आ-शुन तसाच उभा राहिला, हात पुढे, तळव्यावर ग्रीसचा पट्टा. माझ्या बहिणीचा थोरला मुलगा, केस पिकलेला, उंबऱ्याच्या आत येऊनही बाहेरच राहिलेला. पुढचा बोल्ट दहाचा होता. आ-तेत हात मागे करून म्हणाला, "आता दहा." आ-शुनने घाईघाईने बारा दिला.

धाकट्याची जीभ बांधलेली होती. माझी नव्हती.

"अरे गाढवा," मी म्हणालो, "डोळे काय कचेरीत ठेवून आलास? पान्यावर आकडा कोरलाय, वाचता येत नाही? एवढं शिकवून तुझ्या बापाने काय मिळवलं, बैला?"

आ-शुनने मान खाली घातली. खांदे हलायला लागले, आणि मला क्षणभर कळेना. तो हसत होता, अगदी लहान, न सरावलेलं हसू, घशात अडखळणारं. तो पुन्हा भिंतीशी गेला आणि आकडा वाचायला दहाचा पाना अगदी डोळ्यांजवळ धरला.

आ-तेत हसला नाही. तो झाकणाखालून बाहेर आला होता आणि टाचांवर बसून भावाकडे पाहत होता. आपल्या जागेवर परका येऊन बसला की माणूस जसा पाहतो, तसा. ती नजर मी ओळखत होतो. इतकी वर्षं ती मी थोरल्याच्या तोंडावर पाहिली होती.