तांबे काकांचं कमी आवाजाचं हेल्मेट

तांबे काका मोटारसायकलवरून उतरले की त्यांच्याशी लगेच बोलायचं नाही, असा आमच्या इमारतीत अलिखित नियमच होता. गाडी स्टँडला लावायची, हेल्मेट काढून आरशावर अडकवायचं आणि पायरीवर शांत बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. कुणी नवखा माणूस बोलायला गेला तर ते तळहात वर करायचे. "थांबा जरा. मी आलोय, पण कान अजून शिळफाट्यावर आहेत."

मी त्या इमारतीत राहायला आले तेव्हा नवखीच होते. कोपरला, स्टेशनपासून आत गेल्यावर लागणाऱ्या गल्लीतली ही चार मजली इमारत. लग्न मोडल्यावर एकटीला भाड्याने जागा देणारा मालक तिथे भेटला, एवढंच त्या जागेचं वैशिष्ट्य. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी, ये-जा स्वतःच्या मोटारसायकलवरून. बाई माणूस मोटारसायकल चालवते म्हणून खालच्या दुकानदारापासून सगळे बघायचे, पण बोलायचं कुणी नाही. पहिल्यांदा बोलले ते तांबे काका, आणि तेही माझ्याशी नाही, माझ्या हेल्मेटशी. ते त्यांनी माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं, आत तोंड घालून पाहिलं आणि विचारलं, "हे वाजतं का गं?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी स्वतःचं हेल्मेट दाखवलं. रस्त्याकडेच्या टपरीवर घेतलेलं, काच ढिली झालेली. हवा जायची सगळी भोकं इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपने बुजवलेली. आत जुन्या उशीतला स्पंज कोंबलेला आणि मानेशी लोकरीचा मफलर सेफ्टी पिनांनी टाचलेला. हा अवतार भर उन्हाळ्यात.

"काका, हे घालून चालवता तुम्ही? पडलात तर हा स्पंज उपयोगाचा नाही."

"पडायचं बघू नंतर. आधी ऐकू आलं पाहिजे."

ऐकायचं काय होतं ते मला हळूहळू कळलं. त्यांची बायको, कुंदा काकू, घोडबंदर रोडच्या बाजूला एका संस्थेच्या शुश्रूषागृहात होती. विसरण्याचा आजार. गॅस चालू ठेवून निघून जायची, एकदा तर खाडीच्या रस्त्याला सापडली. मूलबाळ नव्हतं. काकांना एकट्याला ते झेपेना, म्हणून तिथे ठेवलं. तिथला महिन्याचा खर्च भरून जे हाती उरायचं त्यात काकांचं घर चालायचं. भेटायची वेळ रविवारची, तीही थोडीच. गुडघ्यांमुळे स्टेशनचे जिने त्यांना चढवत नसत, म्हणून शिळफाटा, मुंब्रा बायपास असं ट्रकांच्या मधून मोटारसायकलने जायचे. डब्यात तिला आवडणारा गूळपापडीचा तुकडा असायचा.

काकांचे कान आधीच गेलेले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत ते कापडाच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. "आमच्या खात्यात कुणी बोलायचंच नाही," ते सांगायचे. "खुणा. पाणी हवं तर अशी खूण, मुकादम आला तर अशी. बाहेर पडलं तरी डोक्यात माग चालूच. घरी आलो की वाटायचं, आता कुणी एक शब्द बोलू नये." त्यात हा वाऱ्याचा घूंऽऽ आवाज. शुश्रूषागृहात पोचल्यावर कानात तो असा भरून राहायचा की समोर बसलेल्या बायकोचं बोलणं ऐकू यायचं नाही. काकूंचा आवाज तर आजाराने पार बारीक झालेला.

"ती ओठ हलवते," ते म्हणाले. "मी 'हो, हो' म्हणतो. कशाला हो म्हटलं ते मला ठाऊक नसतं. कान जरा उघडतात तोवर सिस्टर घंटा वाजवते."

"तासभर आधी जाऊन बसा ना बाहेर."

"बसलोय. तिथे बाहेर बांधकाम चालू आहे. घोडबंदरला कुठे आवाज नाही ते दाखव मला."

एका शनिवारी आम्ही हेल्मेट शोधायला निघालो. डोंबिवली पूर्वेपासून सुरुवात केली. पहिल्या दुकानात काकांनी विचारलं, "कमी आवाजाचं दाखवा." पोरगेलासा दुकानदार म्हणाला, "काका, आवाज हॉर्नला असतो, हेल्मेटला नसतो." दुसऱ्या दुकानात त्याच्या उलट. प्रत्येक हेल्मेट 'एकदम साउंडप्रूफ'. काका एक एक डोक्यात घालायचे, आणि मला म्हणायचे, "वारा घाल." मग मी त्या दुकानात, सगळ्यांसमोर, त्यांच्या कानाशी पुठ्ठ्याने वारा घालायचे. हसायला आलं तर ते आतून रागावून म्हणायचे, "अगं, नीट घाल, बायपासवरच्यासारखा!"

तिथे एक परदेशी हेल्मेट होतं. ते घातल्यावर काका डोळे मिटून उभे राहिले. मग काढून, किमतीची चिठ्ठी वाचून त्यांनी ते दोन्ही हातांनी परत फळीवर ठेवलं. "आवाज फुकट मिळतो गं सगळीकडे. शांततेलाच पैसे पडतात," ते म्हणाले. "यात माझ्या कुंदाचा महिना जातो."

मला गाड्यांचं थोडंफार कळायचं. मी त्यांना म्हटलं, महाग म्हणजे शांत असं नाही. आवाज येतो तो मानेखालून शिरणाऱ्या वाऱ्याचा आणि हेल्मेट डोक्यावर हलतं त्याचा. गालाला घट्ट बसणारं, मानेशी बंद होणारं, वर शिंगं-पंख नसलेलं साधं गोल बघू. त्यांना ते पटलं, पण नुसतं पटून भागणार नव्हतं. ठाकुर्लीकडच्या एका दुकानात तसं एक मिळालं तेव्हा ते म्हणाले, "चालवून बघितल्याशिवाय नाही घेणार."

दुकानदार मध्यमवयीन, कंटाळलेला माणूस होता. म्हणाला, "असं कुणी करत नाही. तुम्ही घेऊन गेलात म्हणजे?"

"हिला ठेवून जातो," काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दुकानदार हसला. त्या दिवशी तो बहुधा पहिल्यांदाच हसला असावा. मी स्टुलावर तारण म्हणून बसून राहिले आणि काका नव्वद फुटी रस्त्यावर फेरी मारून आले. मान हलवली. दुसरं घेतलं, पुन्हा गेले. असं बराच वेळ चाललं. शेवटी दुकानदाराने माळ्यावरून एक जुन्या मॉडेलचं काढलं. रंग कोवळ्या कारल्यासारखा, म्हणून पडून राहिलेलं. त्यावर आयएसआयचा शिक्का होता, काच घट्ट बसत होती. गाल इतके दाबले गेले की काकांना धड बोलता येईना. ते घालून काका गेले ते लवकर आलेच नाहीत. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मग आले, उतरले, हेल्मेट काढलं आणि तळहात वर न करता सरळ म्हणाले, "मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मला ऐकू आली."

रंगामुळे ते स्वस्तात मिळालं. येताना मेडिकलमधून कानात घालायचे मऊ फोमचे बोळे घेतले. घरी येईपर्यंत काका आनंदाने सांगत होते, "हॉर्न येतो ऐकू, वाराच तेवढा नाही. कुंदा मला ओळखायची नाही या कारल्याच्या रंगात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम खाली थांबले. काका आले. गाडी लावली. पायरीवर बसले नाहीत.

"ऐकू आलं का, काका?"

"आलं," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून जिना चढून गेले.

तो आठवडा ते कुणाशी बोलले नाहीत. बुधवारी मी भाजी द्यायच्या निमित्ताने गेले तर दार उघडून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आत ये." घरात एकच खुर्ची खिडकीशी होती. मला ती दिली आणि स्वतः पलंगावर बसले.

"ती मला दादा म्हणते," ते म्हणाले. "तिचा भाऊ. तो जाऊन किती वर्षं झाली. ती विचारते, दादा, मला न्यायला आलास ना? माहेरी नेशील ना?" त्यांनी पलंगावरची चादर सारखी केली. "मी इतके महिने हो म्हणत होतो गं. दर रविवारी मी हो म्हटलं, आणि दर रविवारी तिला तिथेच ठेवून आलो."

खाली मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आरडाओरडा तेवढा वर येत होता.

"तुम्ही सांगितलं नाही, की तुम्ही कोण ते?"

"सांगितलं. घाबरली. म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस मी इथे आहे, ते काळजी करतील." काकांनी चष्मा काढून पुसला. "मग मी म्हटलं, बरं. दादा तर दादा."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. ते पुढे, मी माझ्या गाडीवर मागे. कुंदा काकू व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, केसांची बारीक वेणी, पायात लोकरीचे मोजे. काकांनी गूळपापडीचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि स्टूल ओढून अगदी जवळ बसले.

"आलास दादा," काकू म्हणाल्या. खरंच इतका बारीक आवाज, की मलाही वाकावं लागलं.

"आलो. बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. घरी सगळं नीट आहे. हे पण चांगले आहेत. मारणं नाही, ओरडणं नाही. पगार आणून हातात देतात." मग त्या गूळपापडी कुरतडत राहिल्या. "फक्त बोलत नाहीत रे. मी दिवसभर वाट बघते. येतात आणि डोळे मिटून बसतात. मी कढईशी बोलते, झाडाशी बोलते. माझं काही चुकलं का, तू विचारशील त्यांना?"

मी काकांकडे बघू शकले नाही. मला फक्त त्यांचे हात दिसत होते, गुडघ्यांवर घट्ट दाबून धरलेले.

"विचारीन," ते म्हणाले. "पण मला ठाऊक आहे. तुझं काही चुकलं नाही. तो कारखान्यातून यायचा ना, त्याच्या डोक्यात आवाज असायचा. त्याला वाटायचं, आता नको. तू होतीस म्हणून तर तो घरी यायचा. सांगता आलं नाही त्याला."

"असं म्हणाले ते?"

"असं म्हणाला."

काकूंनी मान हलवली. पटल्यासारखी. घंटा झाली.

त्यानंतर काका रविवारी दादा होऊन जायचे. तिच्या माहेरच्या, दाभोळच्या खाडीबद्दल, तिच्या आईच्या हातच्या सांदणांबद्दल त्यांना मिळेल तेवढं आठवून ठेवायचे. उरलेलं तीच सांगायची. "लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, आणि सासुरवाडी मला आत्ता कळतेय," असं एकदा म्हणाले. त्यांनी तिला गावी न्यायचंही मनावर घेतलं होतं. डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं, प्रवास सोसणार नाही. थंडी सुरू झाली तशी ती अंथरुणाला खिळली, आणि एका गुरुवारी, रविवारची वाट न बघता गेली.

दिवसकार्य झाल्यावर काका अस्थी घेऊन एसटीने दाभोळला गेले. मोटारसायकलवरून न्यायचा प्रश्नच नव्हता. तिला त्या आवाजाचा मनस्वी कंटाळा, असं म्हणाले. परत आले ते उन्हाने रापून. मी विचारलं, कसं झालं सगळं?

"खाडीत भरती होती. चांगलं झालं." मग म्हणाले, "नवऱ्याकडे तिने कधी काही मागितलं नाही बघ. दादाकडे एक मागितलं, तेवढं दिलं."

त्यांचे रविवार रिकामे झाले. ते माझ्याकडे येऊन बसायला लागले. बोलायची सवय नसलेला माणूस ठरवून बोलायला बसला की फार अवघडतो. टोमॅटोचा भाव सांगून झाला की गप्प व्हायचे, पुन्हा काहीतरी शोधून काढायचे. एकदा चहा पिता पिता त्यांनी मला विचारलं, "तू बोलतेस का गं कुणाशी?"

"ऑफिसात दिवसभर बोलतेच की, काका."

"ते नव्हे."

मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले. तिथे उगीच नळ सोडला. काका उठून गेले नाहीत. नळ बंद होईपर्यंत बसून राहिले. मग मी बाहेर आले आणि माझ्या लग्नाबद्दलचं, दोन वर्षांत आईलाही न सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. एकदाच म्हणाले, "हे जरा मोठ्याने सांग, हे नीट ऐकू आलं नाही," आणि मी ते पुन्हा सांगितलं.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस काका गेले. दुपारी जेवून पलंगावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांचा एक पुतण्या आला, त्याने खोली रिकामी केली. आता तिथे दिवा गावाहून आलेलं एक जोडपं राहतं.

काका गेल्यानंतर काही रविवार मी नुसते झोपून काढले. मग एका दुपारी वरच्या मजल्यावर गेले आणि एकट्या राहणाऱ्या पाटकर आजींची बेल वाजवली. इतकी वर्षं जिन्यात एकमेकींना बघून मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. त्यांनी साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"काय हवंय?"

"काही नको, आजी. बोलायला आलेय."

फटीतून त्या मला न्याहाळत राहिल्या. मग दार बंद झालं, आणि आतून साखळी काढल्याचा आवाज आला.