अंधेरीच्या हॉलमधली डबलबारी

घाटकोपरहून आम्ही निघालो तेव्हा मी इंग्रजीत पुटपुटत होतो आणि मामा उपाशी होते. मला त्या संध्याकाळी अंधेरीला परदेशी पाहुण्यांचे आभार मानायचे होते, आणि मामांची संकष्टी होती.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संगीत शिकवणारे चार प्राध्यापक हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. ते जॅझचा कार्यक्रम करणार होते. जॅझ म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांनी घडवलेले, सुचेल तसे जागच्या जागी वाढवीत न्यायचे संगीत, एवढे मला कॉलेजच्या वाचनालयात समजले होते. त्यापुढचे काही समजले नव्हते. अंधेरीच्या एका चर्चच्या क्लबाने आणि आमच्या कॉलेजच्या संगीत मंडळाने मिळून हा कार्यक्रम ठरवला होता, आणि मंडळाचे प्रमुख होते आम्हाला इंग्रजी शिकवणारे कारखानीससर.

आभाराचे काम माझ्याकडे का आले ते सांगितले पाहिजे. पहिल्या सत्रात सरांनी मला एक प्रश्न विचारला होता. मी उभा राहिलो, ‘सर’ म्हणालो आणि खाली बसलो. उत्तर मला येत होते. वर्ग हसला. त्यानंतर जेव्हा जेव्हा नाव पुकारले गेले तेव्हा मी उभा राहून ‘सर’ म्हणायचो आणि बसायचो. वर्गाला त्याची सवय झाली, मलाही झाली. सरांना मात्र झाली नाही. एक दिवस त्यांनी मला खोलीत बोलावून विचारले, “घरातून कॉलेजात आलेला तू पहिलाच ना?” मी हो म्हणालो. “मग बसून कसे चालेल? अमेरिकन मंडळींचे आभार तू मानायचेस. इंग्रजीत. हातात कागद धरायचा नाही. आणि बोलून होईपर्यंत खाली बसायचे नाही.”

मी भाषण लिहून पाठ केले. पाहुण्यांच्या गोड गळ्याची त्यात बरीच स्तुती होती.

प्रवेशिका दोन होत्या, म्हणून मी ज्यांच्याकडे राहतो ते मामा बरोबर आले. मामा साबणाच्या कारखान्यात कामाला आहेत आणि चाळीच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात. कुर्ल्याला अंधेरीची बस पकडल्यावर त्यांनी विचारले, “देवाचा नाव घेतत ना?”

मी म्हणालो, बहुधा नाही. मग गातात कशाबद्दल, असे त्यांनी विचारले. ते मलाही ठाऊक नव्हते.

कुर्ल्याच्या गिरण्या मागे पडल्या की मुंबई संपल्यासारखीच वाटते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरे, मध्येच म्हशींचा तबेला, एखादा पांढरा क्रूस. आपल्या कोकणातल्या एखाद्या वाटेने चाललो आहोत असे वाटावे, तोच डोक्यावरून विमान इतके खाली आले की मामांनी टोपी धरली. कंडक्टरला मी मोठ्या विश्वासाने सांगून ठेवले होते की आम्हाला परदेशी पाहुण्यांकडे जायचे आहे. त्याने आम्हाला विमानतळाच्या फाट्यावर उतरवले. त्याचा काही दोष नव्हता.

तिथून चालत निघालो. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई भेटली. तिने आम्हाला वाट दाखवली आणि माझ्या कोटाकडे पाहून लग्न कोणाचे आहे म्हणून विचारले. कोट शेजारच्या सावंतांचा होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मामा म्हणाले, लग्न नाही, भाषण आहे. बाईला माझी दया आलेली दिसली.

अंधेरीचे गावठाण (जुनी वस्ती) सुरेख आहे. लाकडी गॅलऱ्यांची बुटकी घरे, दारात तुळशीवृंदावनाच्या जागी क्रूस, आणि वास मात्र आपल्याच घरासारखा, सुक्या मासळीचा. चर्चच्या शाळेचा हॉल पत्र्याचा होता. आत रंगीत कागदांच्या माळा लावल्या होत्या. गंमत म्हणजे, सगळ्या खुर्च्या भिंतीला लागून मांडल्या होत्या आणि रंगमंचासमोरची उत्तम जागा अगदी रिकामी होती.

“झिला, हय बस,” मामा म्हणाले. “बुवाच्या तोंडासमोर जागा मोकळी असा.”

भजनाला जाणारा माणूस असाच बसतो. मामांनी वहाणा काढून शेजारी ठेवल्या आणि मांडी घातली. मीही घातली. सर अजून आले नव्हते, म्हणून विचारणार तरी कोणाला? पडदा उघडला, वाजवायला सुरुवात झाली, आणि भिंतीकडून तरुण-तरुणींच्या जोड्या उठून आमच्याकडे येऊ लागल्या. मला वाटले, त्याही बसायला येत आहेत. त्या नाचायला आल्या होत्या. काही वेळ आमच्या चारही बाजूंनी बूट फिरत होते. मामांनी वहाणा मांडीवर घेतल्या. ते शांत होते, कारण कीर्तनात लोक उभे राहून नाचतात हे त्यांना माहीत होते. शेवटी क्लबाच्या मिसेस डिमेलो जोड्यांमधून वाट काढीत आल्या आणि आम्हाला हाताला धरून खुर्च्यांवर घेऊन गेल्या. पलीकडे कारखानीससर बसलेले होते. ते छताकडे पाहत होते.

आता पाहुण्यांविषयी. पियानोवर एक बाई होत्या आणि माणसाएवढी थोरली सारंगी उभी धरून एक गृहस्थ. पण लक्ष वेधून घेणारे दोघे. प्रोफेसर हॅलोरन उंच, किडकिडीत, ट्रंपेट (पितळी कर्णा) वाजवणारे. प्रोफेसर टकर गोल, घामाघूम, पाचसहा ढोल आणि झांजा एकट्याने सांभाळणारे. प्राध्यापक म्हणून मी कोट-टाय आणि गंभीर चेहरे मनात धरले होते. टकर तर वाजवताना जीभ बाहेर काढत होते. संगीत सुरुवातीला मला सगळे एकदम बोलणाऱ्या माणसांसारखे वाटले. पुढे ते एकेक करून बोलू लागले आणि मला बरे वाटले.

पण एक गोष्ट ध्यानात आली. गात कोणीच नव्हते. माझ्या भाषणातले गोड गळे मी कोणाला लावणार?

मध्यंतरात मिसेस डिमेलोंनी दोन बशा आणून दिल्या. खिमा भरलेले बटाट्याचे चॉप आणि केक. मामांनी हात मागे घेतला. मी इंग्रजीचा सराव म्हणून बाईंना समजावले की माझे मामा आज चंद्रामुळे जेवत नाहीत. बाईंनी मामांकडे काळजीने पाहिले आणि मराठीत विचारले, “संकष्टी आहे का?” मी हो म्हणालो. “मग सरळ सांग ना बाबा. केळी चालतील ना त्यांना?” केळी आली. मामांची बशी परत देणे मला असभ्य वाटले, म्हणून दोन्ही बशा मीच संपवल्या. आभाराच्या वेळी श्वास कमी पडण्याचे ते एक कारण होते.

उत्तरार्धात मी नवे भाषण जुळवू लागलो. काहीच जुळेना. एवढ्यात मामा ताठ बसले. हॅलोरन यांनी कर्ण्यावर एक छोटा तुकडा वाजवला आणि थांबले. टकरनी ढोलांवर तेवढाच तुकडा वाजवला आणि थांबले. पुन्हा कर्णा, पुन्हा ढोल.

“बघ, सवाल टाकल्यान,” मामा माझ्या कानात म्हणाले. “आता तो उत्तर देतलो.”

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या कोकणात डबलबारी होते, म्हणजे दोन भजनीबुवांचा समोरासमोर सामना. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचे, चिमटे काढायचे, आणि ज्याला उत्तर सुचत नाही तो बुवा पडला असे लोक समजतात. मामांना आता सगळा जॅझ समजला होता. हॅलोरन टोमणा मारत आहेत, टकर गप्प बसणारे नाहीत, पियानोच्या बाई मध्यस्थी करीत आहेत, हे सर्व ते मला सांगत गेले आणि मलाही तसेच दिसू लागले. शेवटी टकर एकटेच वाजवीत सुटले. हॅलोरन कर्णा काखेत धरून, मान खाली घालून, रुमालाने तोंड पुसत उभे राहिले.

“पडलो,” मामा हळहळले. “कर्णेवालो पडलो.”

टाळ्या थांबल्या आणि माझे नाव पुकारले गेले.

मी रंगमंचावर गेलो. कोटाच्या बाह्या मागे सारल्या. पाठ केलेले पहिले वाक्य म्हटले, त्यात नुसते सद्गृहस्थ आणि सन्नारी होते. दुसऱ्या वाक्यात गोड गळे येत होते, म्हणून थांबलो. गुडघे सवयीने वाकू लागले, पण मागे खुर्ची नव्हती. समोर सर माझ्याकडे पाहत होते. मग माझ्यापाशी जे होते ते मी इंग्रजीत सांगितले. म्हणालो की आज प्रोफेसर टकर जिंकले आहेत. प्रोफेसर हॅलोरन शर्थीने लढले, पण शेवटी त्यांना उत्तर सुचले नाही. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांनी तयारी करून पुन्हा यावे.

हॉल पत्रे हादरतील असा हसला. सरांनी डोळ्यांवर हात ठेवला. मी मात्र उभा होतो. बोलून झाले आहे की नाही हे मला ठरवता येत नव्हते.

हॅलोरन गंभीर चेहऱ्याने पुढे आले. त्यांनी लोकांना सांगितले, “विद्यापीठात मी या टकरला रोज समजावतो की आपण एकमेकांशी स्पर्धा करीत नाही. त्याला ते कधीच पटलेले नाही. आज या तरुणालाही पटलेले नाही. तेव्हा सामना पुन्हा होईल. परीक्षकांनी जवळ बसावे.”

परीक्षक कोण, असे त्यांनी विचारताच मी मामांकडे बोट दाखवले. मामा आले, वहाणा काढल्या आणि त्याच पहिल्या जागी मांडी घालून बसले. मी शेजारी. या वेळी कोणी नाचले नाही, सगळे आमच्याभोवती गोळा झाले. हॅलोरन यांनी अगदी हळू, डास गुणगुणावा तसा सवाल टाकला. टकरनी बोटांच्या टोकांनी उत्तर दिले. मामा एकदा उजवीकडे मान हलवत, एकदा डावीकडे, आणि मान जिकडे जाईल तिकडे लोक ओरडत. बरेच झाल्यावर दोघेही थांबले आणि मामांकडे पाहू लागले.

मामा मला म्हणाले, “तेंका सांग, सामनो असो सोडूचो नाय. शेवटाक दोघांनी मिळान गजर करूक होयो.”

मी उभा राहिलो आणि सांगितले. आमच्याकडे शेवट भांडणावर करीत नाहीत, दोन्ही बुवा मिळून एकच नाव मोठ्याने घेतात, त्याशिवाय लोक घरी जात नाहीत, असे सगळे. पाठ केलेले त्यात एकही वाक्य नव्हते. हॅलोरन यांनी दोन शंका विचारल्या, त्यांचीही उत्तरे दिली. मग ते चौघे मिळून असे वाजवू लागले की मामांचे दोन्ही हात मांडीवरच्या मृदंगावर चालू झाले. मृदंग अर्थात घाटकोपरला होता.

बाहेर पडताना सर दारात भेटले. मी माफी मागायला सुरुवात केली, ती इंग्रजीतच निघाली. त्यांनी मला थांबवले.

“सगळे झाले,” ते म्हणाले. “फक्त आभार राहिले. कोणाचेच मानले नाहीस.”

खरेच होते ते. ना पाहुण्यांचे, ना क्लबाचे, ना खुर्च्या देणाऱ्यांचे.

“पुढच्या महिन्यात स्नेहसंमेलन आहे,” सर म्हणाले. “तिथे मान. यांचेही आणि तिथल्या पाहुण्यांचेही.”

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. अंधेरीला जाऊन मी जॅझ शिकून आलो असे कोणी समजू नये. मला आजही ते फारसे कळत नाही. पण जाताना मी लोकांना काय आवडेल ते घोकत होतो, आणि परतताना मला काय वाटले ते सांगून आलो होतो, एवढा फरक त्या एका रस्त्यात पडला. भातखाचरांवर चंद्र उगवला, तेव्हा मामांनी बसमधूनच हात जोडले आणि उरलेले केळे सोलले.

मामी दारातच उभ्या होत्या. भाषण झाले का, त्यांनी विचारले. मी म्हणालो, आभार राहिले.

“ऱ्हवले तर ऱ्हवले,” मामा वहाणा काढीत म्हणाले. “निकाल लावन् इलो.”