खंडेनवमीचा रंग

हळदकुंकू आणि जुनं ग्रीस यांचा एकत्र वास आला की मला आजही मळमळतं. घरचे म्हणतात, हा नास्तिकपणा आहे. असेल. पण देवावर माझा राग नाही. राग आहे तो देवाला पुढे करून स्वतः खुर्चीत बसणाऱ्यांवर.

साठच्या दशकात मी डहाणूला खाडीजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात फोरमन होतो. मुंबईत यंत्रांचं शिक्षण घेतलेलं, वय कोवळं आणि तोंड फटकळ. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. तिच्यात मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, टाकीत बर्फाचे डबे आणि शेजारी अमोनियाचा कॉम्प्रेसर. तेलाचं इंजिन पट्ट्यावर त्याला फिरवायचं. अमोनिया नळ्यांतून खेळायचा, मिठाचं पाणी गारठायचं, डब्यांतल्या पाण्याचा बर्फ व्हायचा. तो बर्फ भरून डहाणूच्या आणि पार झाईपर्यंतच्या होड्या समुद्रात जायच्या.

कॉम्प्रेसरचा दांडा जिथून आत-बाहेर व्हायचा तिथे गॅस कोंडून धरायला दोरीसारखं पॅकिंग भरलेलं असतं. त्या जागेला ग्लँड म्हणतात. पॅकिंग झिजलं की बदलायचं, हा नियम. आमच्याकडचा नियम वेगळा होता. गॅस सुटला की नट आवळायचा, पुन्हा सुटला की पुन्हा आवळायचा. हे आवळायचं काम ज्याच्याकडे होतं तो मशीनवाला तलासरीकडच्या वेवजीचा, माझ्याहून बराच मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. तो दिवसभर ओलं फडकं तोंडाला बांधून त्या ग्लँडशेजारी बसायचा. त्याचे डोळे कायम लाल, कडांना चिकट पाणी. एकदा सरळच म्हणालो, दादा, हे असंच चाललं तर डोळे जातील तुमचे. तो हसला आणि म्हणाला, वासाची सवय झाली. ते ऐकून मला शेठचा, म्हणजे आमच्या मालकाचा, जेवढा संताप आला तेवढाच त्याचाही आला.

पहिल्याच उन्हाळ्यात मी वर्षभराची आखणी केली. कोणत्या महिन्यात काय उघडायचं, काय धुवायचं, काय बदलायचं, सगळं मोठ्या कागदावर लिहून शेठच्या खोलीत खिळ्याला टांगलं. त्यात सगळ्यात वर ग्लँड होती. काम पावसाळ्यात ठेवलं होतं, कारण तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि बर्फ कुणाला नको असतो. शेठनी कागद वाचला आणि म्हणाले, पावसात मशीन बंद, मग माणसं कशाला ठेवायची? दरवर्षीप्रमाणे पाऊस लागताच सगळ्यांना घरी पाठवलं, मलासुद्धा. दादा वेवजीला जाऊन भात लावत बसला. नारळी पौर्णिमेला आम्ही परत आलो, तर होड्या सुटायच्या तयारीत आणि मशीन आता थांबवायचं नाही, असा हुकूम. म्हणजे मशीन बंद असताना माणसं नाहीत आणि माणसं असताना मशीन बंद नाही. या हिशेबात पॅकिंग बदलायचा दिवस कुठे बसतो, हे मी विचारलं. शेठ म्हणाले, "चालत्या गाड्याला खीळ घालू नका."

शेठची चिकूची वाडी होती, आणि वाडीचं काम ते जातीने बघायचे. खत वेळेवर, बुंध्याशी आळी खणणं वेळेवर, एखादं पान पिवळं पडलं तरी माळ्याचा जीव खायचे. मी एकदा म्हणालो, झाड वाळल्यावर खत घालता का तुम्ही? त्यावर ते शांतपणे म्हणाले की झाड जिवंत असतं. पुढच्या आठवड्यात खोलीत गेलो तर माझ्या कागदावर, त्याच खिळ्याला, लक्ष्मीचं कॅलेंडर लटकत होतं. मी ते उचलून खाली बघितलं. माझा कागद तिथेच होता, कुणी फाडलाही नव्हता. फाडला असता तर निदान वाचल्यासारखं तरी वाटलं असतं.

आणि याच माणसाचा खंडेनवमीला हात सैल सुटायचा. झेंडूच्या माळा, पेढे, भटजी, बाजारातल्या प्रतिष्ठितांना आमंत्रणं. आदल्या दिवशी सगळ्या यंत्रांना तेलाचा रंग. खरवडणं नाही, पुसणं नाही. ग्रीस, गंज, मेलेल्या माश्या, सगळ्यावरून ब्रश फिरायचा. वर्षानुवर्षांचे थर साचून ग्लँडचे नट बुंदीच्या लाडवासारखे गोल झाले होते. त्यांवर पाना धड बसायचा नाही, घसरायचा. त्या वर्षी रंग निळा होता. मी ब्रशवाल्याला म्हणालो की निदान तेवढे नट सोड. तो म्हणाला, शेठ ओरडतील, मधेच भोक पडल्यासारखं दिसेल.

पण त्या दिवसाची मी वाट बघत होतो. खंडेनवमीला सकाळी मशीन थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू व्हायचं. हंगामात एवढा वेळ एरवी मिळणार नव्हता, आणि काम तर एका सकाळचं. नवं पॅकिंग मी आधीच आणून ठेवलं होतं. पूजा आटोपली, आरती झाली, पाहुणे पेढे खाऊन पांगले. मी बाही वर केली आणि पाना घ्यायला गेलो.

पाने पाटावर मांडले होते. ओळीने, लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकाला हळदकुंकू, अक्षता, वर झेंडू. मी मोठा पाना उचलला. भटजी दक्षिणा कनवटीला लावता लावता थांबले. शेठ म्हणाले, "आज हत्याराला हात लावत नाहीत. एवढंही शिकवलं नाही का घरी?" मी म्हणालो, मशीन आज थांबलंय, उद्या ते थांबवू देणार नाही तुम्ही. ते म्हणाले, उद्या बघू. मी ऐकणार नव्हतो. तेवढ्यात माझ्या मनगटावर एक हात पडला. दादाचा होता. त्याने पाना माझ्या हातातून काढून घेतला, कपाळाला लावला आणि जिथे होता तिथे ठेवला. फूलही नीट केलं.

"नको सायब," तो म्हणाला. "आज त्याचा इसाव्याचा दिस. आपल्याला पाप लागंल."

मी त्या लाल, पाणावलेल्या डोळ्यांकडे बघत राहिलो. त्यांच्यासाठी तर सगळा आटापिटा होता. शेठच्या चेहऱ्यावर समाधान होतं. बघा, अडाणी असून याला कळतं, असं ते मला ऐकू येईल अशा आवाजात भटजींना म्हणाले. एक पेढा हातात दिलेला होता, तो मी बाहेर कुत्र्याला टाकला.

दसऱ्याला मुहूर्तावर नारळ फुटला आणि इंजिन सुरू झालं. मी सकाळीच आठवण करून दिली, तर शेठ सणाच्या दिवशी अपशकुन नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी झाईच्या होड्यांना बर्फ हवा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी डहाणूच्या. उद्या, उद्या असं ढकलत चार-पाच दिवस गेले, आणि एका दुपारी ग्लँड जोरात फुसफुसायला लागली. मी टाकीच्या टोकाला होतो. थांब, आधी इंजिन बंद करतो, असं ओरडत निघालो, पण दादा सवयीने पाना घेऊन वाकला होता. निळ्या रंगावरून पाना घसरला. त्याने अंगाचा भार टाकून पुन्हा आवळला, आणि झिजलेला बोल्ट तुटला. गॅसचा झोत थेट तोंडावर आला.

आम्ही त्याला ओढून बाहेर काढला, बादल्यांवर बादल्या पाणी डोळ्यांवर ओतलं. सरकारी दवाखान्यातून मुंबईला नेला. दोन्ही डोळे गेले.

मग मात्र मशीन थांबलं. बोल्ट आणि नवा गॅस मुंबईहून येईपर्यंत होड्या खोळंबल्या, मासळी सडली, खाडीवर नाक धरून चालावं लागत होतं, आणि शेठ सगळ्यांना सांगत होते की बंद पडलं त्याला इलाज नाही. मशीन आपणहून बंद ठेवायला त्यांच्याकडे एक सकाळ नव्हती, बंद पडल्यावर मात्र दिवसच्या दिवस होते. मी बोल्ट बदलला आणि पॅकिंग भरलं. सकाळी बसलो, जेवणाच्या वेळेला काम संपलं. शेठनी मशीन सुरू करण्याआधी शांती करवली. भटजी तेच. दादाच्या नशिबात होतं, हे दोघांनीही मला वेगवेगळं समजावलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला शेठनी गाडी पाठवून दादाला वेवजीहून आणवला. नवं धोतर, नवी टोपी. पहिली पूजा मशीनच्या जुन्या माणसाच्या हातची, असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, आणि पाहुणे माना डोलावत होते, शेठचं मन किती मोठं म्हणत होते. मला वाटलं, एकेकाला धरून त्या मिठाच्या टाकीत बुडवावं. दादाला पुढे नेऊन उभा केला. त्याने हात पुढे केला, पट्ट्याचं चाक चाचपलं, दांडा चाचपला आणि बोटं बरोबर ग्लँडवर आणून थांबवली. नटावर हळदकुंकू वाहिलं. मग तो मान वळवून मला शोधायला लागला, म्हणून मी जवळ गेलो.

"यंदा वास नाय येत, सायब," तो हळूच म्हणाला. "रंग कंचा दिला?"

मी हिरवा म्हणालो. तो म्हणाला, ब्येस दिसत असंल. मी बाहेर जाऊन हातांना लागलेलं ग्रीस आणि हळदकुंकू नळावर धुतलं.