मुदत वाढली

राधानगरीच्या वरल्या अंगाला रानात धनगरवाडा हाय. थितं एका टोकाला धोंडुबाई एकलीच ऱ्हाती. कुडाचं घर, दोन म्हशी. नवरा जोतीराम पलटणीत हुता. बर्फात हाडं गोठवून आला, आन् घरी जरा टेकला न्हाय तवर गेला. देशाची जमीन राखली गड्यानं, पर सोत्ताच्या चुलीखालची फारेस्टाची! गार्ड येताजाता म्हणायचा, "म्हातारे, कवा उठतीस हितनं?"

अशात सरकारनं काढलं, रानातल्या माजी सैनिकास्नी, न्हायतर त्येंच्या बायकास्नी, जमीन द्यायची. पर अर्ज मुदतीत पायजे. धोंडुबाईनं पलटणीच्या टरंकंतनं कागद काढलं. ऱ्हिवासाचा दाखला तेवढा अडला. तलाठी म्हणं, "तुझा वाडा गावात धरत न्हाईत, मी काय लिवू?" घ्या! रानातनं ऊठ, आन् गावात तू न्हाईसच. हेलपाट्यानं चपला झिजल्या.

मुदतीच्या शेवटच्या दिशी, दिवं लागायच्या येळंला, डेरीच्या गाडीवरला कृष्णात खालच्या रस्त्यानंच वरडला, "धोंडुआक्का, मुदत वाढली गंऽऽ!" आन् गेला भुर्रकन.

धोंडुबाई उंबऱ्यावर मटकन बसली. आता बगा, आपल्यात बांगडी फुटली म्हणत्यात व्हय? वाढली म्हणत्यात. दिवा इझवला न्हाय म्हणत, वाढवला म्हणत्यात. जोतीराम गेला तवा बायकांनी तिचा चुडा वाढवलाच की! तिनं मनात म्हटलं, पोरगं गुणाचं, तिन्हीसांजंला 'संपली' म्हणाय जीभ रेटली न्हाय त्येची. कागद परत टरंकंत गेलं. कुणाला इचारलं न्हाय, वाड्यात कुणी इषय काढला तर उठून जायची. मेल्या माणसाची खुशाली कोण इचारतंय?

दूध शेजारची पोर खाली न्यायची. दिवाळी झाल्यावर तिला ताप आला, म्हणून धोंडुबाईच किटली घिऊन उतरली.

कृष्णात म्हणाला, "आक्का, अर्ज दिलासा न्हवं? परवा सरली की मुदत."

"आरं, ती कवाच वाढली म्हणालास की तू!"

"व्हय की! दाखलं अडल्यालं म्हणून दिवाळीपातूर वाढवून दिल्ती. वाड्यातल्या बाकीच्यास्नी दाखलंबी गावसभंत मिळालं."

धोंडुबाईच्या हातातली किटली कलांडली. दूध रस्त्यावर.

दुसऱ्या दिशी यष्टीनं कोल्हापुरात गेली. हापिसातला साहेब कागदाकडं बघंना. "आजी, एवढी मुदत वाढवली, तवा झोपलावता काय?"

"आनी एकडाव वाढवा की, सायेब."

"आता न्हाई वाढायची."

धोंडुबाई हासली. "न्हाई वाढायची म्हंजे फुटली. मग तसं म्हणायचं की बाबा! फुटली म्हटल्यालं आमाला कळतं."

परत आली तवा दिवं लागत हुतं. कृष्णात रस्त्यालाच हुबा, तोंड उतरल्यालं. "काय झालं, आक्का?"

"फुटली."

"आक्का, तिन्हीसांजंला आसं बोलू न्हाई."

"का? आता काय ऱ्हायलंय वाढायचं?" म्हणाली, आन् टेकडी चढाय लागली.