दवाखान्याला दान काहून दिलं

हिंगोलीच्या एका धर्मादाय फंडात मी तेरा-चौदा वर्षं कारकुनी केली. फंडाचा एक दवाखाना होता आणि आसपासच्या पैसेवाल्यांनी आपापली मिळकत त्याला देऊन टाकलेली होती. कुणी घर, कुणी शेत, कुणी जिनिंग. दानपत्रं लिहायचं काम माझं. कागदावर सगळ्यांचं कारण एकच असायचं: 'पुण्यार्थ'. खरं कारण सही झाल्यावर चहाच्या कपाबरोबर बाहेर यायचं. कागद जायचा कपाटात आणि कारण राहायचं माझ्या डोक्यात. कपाटाला निदान कुलूप होतं. माझ्या तोंडाला ते कधी बसलंच नाही.

* * *

फंड काढला तो किसनलाल शेठनी. कापसाची जिनिंग, पेठेत दुकानं आणि तीन मुलं, एवढा त्यांचा पसारा. शेठना कमी ऐकू येतं असा मुलांचा समज होता. हा समज शेठनी स्वतःच जपला होता, कारण त्यामुळं त्यांना बरंच काही ऐकायला मिळायचं.

एका दुपारी शेठ जेवायला बसले होते आणि शेजारच्या खोलीत तिघं भांडत होते. बाप गेल्यावर जिनिंग कुणाची, हा विषय. शेठनी जेवण पुरं केलं, ताक प्याले, हात धुतले आणि हमीद वकिलांना बोलावणं धाडलं. वकीलसाहेब त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. माझं अक्षर बरं होतं म्हणून येताना त्यांनी मलाही सोबत आणलं.

शेठनी सांगितलं, जिनिंग दवाखान्याला द्यायची. वकीलसाहेबांनी विचारलं, कुठल्या दवाखान्याला? कारण तेव्हा दवाखाना नव्हताच.

"काढू की," शेठ म्हणाले. "जिनिंग हाय म्हनल्यावर दवाखाना काय अवघड?"

संध्याकाळी तिन्ही मुलं आली. एकमेकांना दुजोरा देत, एकाचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करत त्यांनी बापाला तासभर समजावलं. शेठ शांतपणे ऐकत राहिले. मुलं गेल्यावर वकीलसाहेबांकडं वळून म्हणाले, "तिघं एका दारातून आत येताना आज पहिल्यांदा पाह्यले. दान लागू पडलं."

* * *

दवाखाना उभा राहिला. दारावर शेठच्या नावाचा दगड बसला, एका ओळीत मराठी, एका ओळीत उर्दू, अक्षरं वीतभर उंच.

दीड-दोन वर्षांनी शेठ पूर्णेहून रेल्वेनं आले. घरची गाडी स्टेशनवर आली नव्हती, म्हणून टांगा केला आणि किसनलाल दवाखान्यात चल म्हणाले. टांगेवाला म्हणाला, या गावात असा दवाखानाच नाही. शेठ म्हणाले, आहे. टांगेवाल्यानं वाटेत दोघा-तिघांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हता. शेवटी शेठनी खूण सांगितली: लाल कौलं, समोर विहीर, दारात चिंच.

"मंग गंगूबाईचा दवाखाना म्हना की," टांगेवाला वैतागून म्हणाला. "उगंच गावभर फिरवून राहिले मला."

गंगूबाई आमची सुईण. कळमनुरीपासून सेनगावापर्यंतच्या बायका तिच्या नावानं यायच्या. टांगेवाल्यानं दारात उतरताना हा सगळा मामला आम्हाला ऐकवला, आणि आता काय होतंय म्हणून आम्ही हातातली कामं टाकून उभे. शेठनी गंगूबाईला बोलावलं, तब्येत विचारली, आणि तिचा पगार वाढवायला मला सांगितलं. वकीलसाहेबांनी भीत भीत विचारलं, मग दारावरचा दगड बदलायचा का?

"राहू द्या," शेठ म्हणाले. "माहं नाव काढलं तर तिला वाटंल, खर्च बी तिनंच करायचा."

* * *

दवाखान्याला लागून हाजीसाहेबांचं घर होतं. हाजीसाहेब लाकडाचे व्यापारी. बायको गेलेली, मूलबाळ नाही. एका पावसाळ्यात त्यांना असा ताप भरला की डॉक्टरांनीही मान हलवली. हाजीसाहेबांनी वकीलसाहेबांना उशाशी बसवून घर फंडाला लिहून दिलं. म्हणाले, आता मला घर कशाला.

आणि तिसऱ्या आठवड्यात ते खडखडीत बरे झाले.

काठी टेकत घराकडं गेले तर घरात दहा खाटा. पुरुषांचा वॉर्ड तिथं सुरू झालेला. दिलेलं परत मागण्यातले ते नव्हते. वखारीत एक खोली होती, तिथं राहायला गेले. पण आठ दिवसांनी ते परत दवाखान्यात हजर. अंगात कणकण आहे म्हणाले, आणि खाट मात्र खिडकीजवळचीच पाहिजे. ती त्यांची निजायची जागा. दोन रात्री राहिले, बरे होऊन गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा कणकण.

डॉक्टरांनी थर्मामीटर लावणं सोडून दिलं. हाजीसाहेब यायचे, खिडकीजवळ निजायचे, शेजारच्या रोग्यांना घराचे खांब कुठल्या सागाचे आहेत ते सांगायचे. एकदा तपासणीला वरचे साहेब आले. रजिस्टर चाळताना त्यांचं बोट एका नावावर थांबलं. हा माणूस वर्षात चाळीसेक वेळा भरती झालेला, आणि आजाराच्या रकान्यात दर वेळी डॉक्टरांचा एकच शब्द: 'घर'.

साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "जुनं दुखणं आहे. जायचं नाही."

* * *

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात राज्य कुणाचं यावरून मुलखात गडबड माजली. कोण कुठून येईल आणि काय उचलून नेईल, याचा नेम नव्हता. त्या दिवसांत कळमनुरीचे देशमुख अचानक दानशूर झाले आणि त्यांनी आपली मोटर फंडाला दिली. मोटर दवाखान्याची म्हटली तर दोन्हीकडची माणसं तिला हात लावणार नाहीत, हा हिशेब आम्हाला सगळ्यांना कळत होता. पण आम्हाला मोटर पाहिजे होती.

पावसाळाभर ती मोटर खेड्यापाड्यांतून रोगी आणत राहिली. मग फौजा आल्या, राज्य बदललं, सगळं थोडं थंडावलं आणि देशमुख मोटर न्यायला आले. वकीलसाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि अदबीनं विचारलं, "देशमुखसाहेब, ते दान होतं का ठेवायला दिलेली अमानत?"

देशमुख सरळ माणूस. खाली बघत म्हणाले, "भ्याव होतं, वकीलसाहेब."

वकीलसाहेबांनी किल्ली दिली. आमच्याच ड्रायव्हरला घेऊन देशमुख निघाले.

तासाभरात मोटर परत दारात. झालं होतं असं, की पहिल्याच खेड्यापाशी लोकांनी दवाखान्याची मोटर म्हणून हात करून थांबवली. देशमुख तोंड उघडायच्या आत एक अडलेली बाई मागच्या सीटवर, तिची सासू तिच्या उशाशी, आणि घोंगडी, तांब्या, कंदील असं सगळं देशमुखांच्या मांडीवर. ड्रायव्हरनं सवयीनं मोटर फिरवली.

गंगूबाईनं बाईला आत नेलं. दोन तासांनी मुलगी झाली. देशमुख तोवर चिंचेखाली बसून होते. आजी झालेली सासू त्यांच्या पाया पडून गेली. मग वकीलसाहेबांनी पुन्हा किल्ली पुढं केली.

"ठिवा तुमच्याकडंच," देशमुख म्हणाले. "ह्या मोटरीत बसून मी कळमनुरीला काई पोचत न्हाई."

आणि ते बैलगाडीनं घरी गेले.

* * *

शेवटचा किस्सा खरं तर आधीचा, बेचाळीसच्या सुमाराचा. पण तो मी नेहमी शेवटीच सांगतो.

सेनगावकडच्या एका मोठ्या जमीनदाराच्या दोन बायका, थोरली राधाबाई आणि धाकटी सोनाबाई. धाकटी घरात आली त्या दिवसापासून दोघींचं बोलणं नव्हतं. चुली वेगळ्या, पाणवठ्याच्या वेळा वेगळ्या. लेकरू दोघींनाही नव्हतं. नवरा वारला आणि जमीन दोघींत निम्मी निम्मी झाली.

एक दिवस राधाबाई फंडाच्या कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, माझी सगळी जमीन घ्या आणि बाळंतिणींसाठी वॉर्ड बांधा. वॉर्डावर नाव कुणाचं घालायचं, असं वकीलसाहेबांनी विचारलं.

"सोनाबाईचं."

वकीलसाहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मग रीतीप्रमाणं त्यांनी नावापुढं घालायला नवऱ्याचं नाव विचारलं.

"त्यायचं इथं काय काम?" राधाबाई म्हणाल्या आणि अंगठ्यासाठी शाई मागितली.

वॉर्ड झाला, दगड बसला. उघडायच्या दिवशी दोघी एकाच छकड्यातून आल्या, पण एकमेकींकडं पाठ करून. सोनाबाईंनी मला बाजूला बोलावलं आणि दगडावर काय लिहिलंय ते वाचायला लावलं. मी वाचलं. त्यांनी विचारलं, तिचं नाव कुठंय? मी म्हणालो, त्यांनी घालू दिलं नाही.

आठव्या दिवशी सोनाबाई एकट्या कचेरीत आल्या. त्यांचीही सगळी जमीन, लेकरांच्या वॉर्डासाठी, आणि नाव राधाबाईंचं. वकीलसाहेबांनी या खेपेला नवऱ्याचं विचारलं नाही.

तोही वॉर्ड झाला. पुन्हा दोघी एका छकड्यातून आल्या. राधाबाईंनी मला दगड वाचायला लावला, ऐकला आणि पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली. आम्ही सगळे वाट पाहत होतो, आता तरी बोलतील. दोघींनी शेजारी शेजारी उभं राहून आमचा निरोप घेतला, पण एकमेकींशी शब्द नाही. छकड्यात चढल्या आणि आल्या तशाच पाठीला पाठ लावून बसल्या.

गाडीवानानं बैल हाकले. सोनाबाईंच्या लुगड्याचा पदर चाकाकडं लोंबत होता. राधाबाईंनी वळून न पाहता हात मागं नेला, तो पदर वर ओढला, आपल्या मांडीखाली दाबून धरला, आणि छकडा सेनगावच्या वाटेला लागला.