पाण्याखालचे बांध

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. माझे धाकटे दीर आरमारात होते. रजा संपली तेव्हा सासरे त्यांना बैलगाडीतून स्टेशनावर सोडायला निघाले. माझं माहेर वाटेवरच, कृष्णेच्या पलीकडच्या काठाला, म्हणून मलाही गाडीत घेतलं. दुपारची आगगाडी चुकली तर भावजी वेळेत जहाजावर पोचणार नव्हते, आणि तिथे उशिराला शिक्षा होती.

वाटेत ते मला समुद्राचं सांगत होते.

"वैनी, किनाऱ्यापासनं कोसन् कोस पाण्याखाली वाळूचं लांबच लांब बांध असत्यात. वरनं काय बी दिसत न्हाई. मग दोरीला शिशाचं वजन बांधून सोडायचं. बुडाला चरबी लावल्याली असती, तिला वाळू चिकटून येती. किती वाव पाणी, म्हंजी किती खोल, खाली काय हाय, समदं कळतं."

"आन् नकाशा न्हाई व्हय तुमच्याकडं?"

"हाय की. पर बांध नकाशात एकीकडं आन् खरा दुसरीकडं. सरकत्यात त्ये."

मला याचं नवल वाटलं नाही. माझे वडील नदीच्या वाळवंटात कलिंगडं लावायचे. दर पुरानंतर वाळूचा बांध प्रवाहाबरोबर थोडा खाली सरकलेला असे. ज्या अंगानं पाणी येतं तिकडे चढ लांब आणि वाळू टणक. खालच्या अंगाला कडा उभा, वाळू नुकती ढासळलेली. पाय टाकला की आत जातो. समुद्रातली झाली तरी वाळूच ती. पाणी बसवील तशीच बसणार.

नदीवर आलो. सासरे गेल्या उन्हाळ्यात काठावर पडलेल्या चाकोऱ्या धरून गाडी पाण्यात घालू लागले. समोरचं पाणी काळं, गुळगुळीत होतं, म्हणजे खोल. एक शेतभर वर मात्र सुरकुतलेल्या उथळ पाण्याचा पट्टा तिरका पलीकडे गेला होता. गेल्या वर्षीचा बांध पुरानं खाली नेला होता; त्याच्या मागचा आता तिथे होता. पण सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी पुढे वाकून बैलाला म्हणाले, "हितनं नगं रं राजा, रुतशील. वरनं चल."

भावजी हसले. "आबा, बैलाला सांगावा आलाय."

"बैलाला काय कळतंय? मी किती वर्सं हितनंच जातोय," सासरे म्हणाले.

मी गाडीतून उतरले, लुगडं खोचलं, वर चालत गेले आणि पाण्यात शिरले. एरवी मी चारचौघांत मान वर करत नसे. पण तळपायाला टणक वाळू लागली आणि संकोच गेला. पाणी गुडघ्याच्या वर आलंच नाही. मधोमध थांबून एक पाय खालच्या अंगाला टाकून दाखवला. तो मांडीपर्यंत आत गेला. सासऱ्यांनी ते पाहिलं. त्यांनी गाडी वर वळवली आणि माझ्या मागोमाग पार नेली.

मी माहेरी थांबले, ते दोघे पुढे गेले. दिवस कलताना सासरे एकटे परतले. वडिलांनी दिलेला पाण्याचा तांब्या त्यांनी रिकामा केला.

"आगगाडी गावली," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून विचारलं, "आता परत जाताना कसा जाऊ, पोरी?"

"आल्या वाटंनंच जावा. पर कडा आता दुसऱ्या हाताला यील. बैलं वरच्या अंगाला दाबून ठेवा."