आवाज बॉक्सात की हेडफोनात

पूर्णा गावातल्या बबनदादाच्या गोडाऊनमध्ये आम्ही वायरी गुंडाळायला बसलो की कुणीतरी सुरू करतो, "तो दिघाशीचा किस्सा आठवतो का?" मग वायरी राहतात बाजूला. आमच्या कंप्यूटरनं किस्से पुरवायचं कधी थांबवलंच नाही.

बबनदादाचा साऊंडचा धंदा. मी नववीत शाळा सोडलेली, पण इंग्रजी अक्षरं वाचता यायची, म्हणून कंप्यूटर माझ्याकडे. गाणं आधी हेडफोनवर तपासायचं, मग बॉक्सवर, म्हणजे मोठ्या स्पीकरवर सोडायचं. पण कंप्यूटरमधला गाण्यांचा प्लेअर हट्टी. सेटिंगमध्ये आऊटपुट बदललं तरी जुनंच धरून बसायचा. पूर्ण बंद करून परत उघडला तरच ऐकायचा.

* * *

दिघाशीच्या हळदीत मी प्लेअर बंद करायला विसरलो. पोरं हात वर करून उभी, बॉक्स गप्प.

"लाईट हाय ना?" नवरदेवाच्या काकांनी विचारलं.

"हाय."

"मंग गानं?"

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. मी हेडफोन पुढे केला. काकांनी तो कानाला लावला, जरा ऐकलं, आणि एकटेच नाचायला लागले.

* * *

निजामपुऱ्यात एका शेठच्या नव्या ऑफिसचं उद्घाटन होतं. शेजारी कापडाचे लूम धडधडत चालू. शेठ येऊन म्हणाले, "आवाज बराबर है, इतना ही रखना."

शिफ्ट सुटली, लूम थांबले, तेव्हा कळलं की गाणी सकाळपासून हेडफोनातच वाजतायत.

"लूम के साथ गाना भी बंद?" शेठ म्हणाले.

दादा शांतपणे म्हणाला, "एक ही लाईन पे है, शेठ."

* * *

दादाची थोरली बहीण कमळाताई धवलारीण. हळद लावताना धवले गायला आसपासच्या गावांत तिलाच बोलवायचे. डीजे आले आणि बोलावणं थांबलं.

एका हळदीला प्लेअर अडकला. मी तो बंद करून उघडेपर्यंत, पाहुणी म्हणून आलेल्या ताईनं धवला धरला. पहिली ओळ संपते तोच बॉक्स दणाणले.

निघताना ती माझ्याजवळ थांबली. "पोरा, बिघडायचं तर नीट बिघडू दे ना रं."

* * *

मग दादाच्या मुलीचं, रेश्माचं लग्न ठरलं. ताई गोडाऊनवर आली. "बबन, रेश्माला हळद लावताना धवला मी म्हननार."

"ताय, साऊंडवाल्याच्या घरात साऊंड नको? लोक हसतील."

ताई चहा न घेता गेली.

हळदीला दादानं होते नव्हते तेवढे बॉक्स लावले. रेश्मा पाटावर बसली. ताई बायकांच्या मागे, भिंतीला टेकून. तेवढ्यात दादा आला आणि मला खुर्चीवरून उठवलं. त्यानं माऊसला कधी हात लावला नव्हता. पण सेटिंग उघडलं, हेडफोन निवडला, प्लेअर बंद केला, परत उघडला. न चुकता.

बॉक्स गप्प झाले.

"बबन, काय झालं रं?" मांडवातून कुणी ओरडलं.

"अडकला परत," दादा म्हणाला.

मी माऊसकडे हात नेला. त्यानं तो बाजूला सारला.

भिंतीकडून ताईच्या आवाजात धवला आला. बायका वळल्या, मग सरकून तिला वाट दिली.

दादानं हेडफोन उचलून माझ्या कानांवर घातला. "तू गानं आयक," म्हणाला, आणि पाटाजवळ जाऊन उभा राहिला.